अकरा : कणकेचं गाणं

पीठ तीनदा चाळून झालं, तरी गाणं काही सुरू होईना.

अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली लाकडी काथवट मांडली होती. चाळण्या घेऊन उभ्या असलेल्या शेजारच्या तिन्ही पोरींच्या पापण्या पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या. लग्नाच्या पावाचं पीठ चाळायला जिचे आईबाप दोघंही हयात आहेत अशीच पोर लागते, म्हणून लोझानाने या तिघी दोन आठवडे आधीच गावभर फिरून हेरून ठेवल्या होत्या. खमीर फुगून वाडग्याबाहेर डोकावत होतं. पाण्याची सुरई भरलेली होती. पण आमच्याकडे रीत अशी, की पिठात पाणी पडलं की त्या क्षणी सूर लागला पाहिजे, आणि कणीक तिंबून होईपर्यंत तो तुटता कामा नये. सूर लागत नव्हता, त्यामुळे सुरईही जागची हलत नव्हती.

"पुन्हा," लोझाना म्हणाली.

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण अंगाने काटक आणि जिभेने त्याहून. नातीचा पाव आहे म्हणून कपाटातला कोरा रुमाल डोक्याला बांधला होता. तिने एक हात कमरेवर ठेवला, हनुवटी उचलली आणि सूर फेकला. शेजारी तिची लेक सावका उभी होती, खास यासाठी राजधानी सोफियाहून चार दिवस रजा टाकून आलेली. तिने खालून सूर धरला. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत लोझाना वळण घेऊन खाली उतरली आणि सावकाच्या सुराला अगदी खेटून उभी राहिली, तशी सावका हळूच बाजूला सरकली.

"पळतेस कुठे?" लोझाना गाणं तोडून ओरडली. "मी आले की तू निघालीस! माझ्या अंगाला काय वास येतो?"

"अगं आई, मी मुद्दाम नाही गं करत. कानच तिकडे जातो."

आता हे गाणं काय असतं ते सांगायला हवं. हे दोघींचं गाणं. एक जण सूर फेकते, वाकवते, गरगर फिरवते. दुसरी खाली एकच सूर ओढून धरते, तिला आम्ही ओढणारी म्हणतो. दोन सुरांतलं अंतर इतकं कमी ठेवायचं की ते एकमेकांना घासले पाहिजेत. घासले की कानात घंटा वाजल्यासारखं होतं. परक्या माणसाला वाटतं, दोघींतल्या एकीचा सूर चुकला. आम्हाला वाटतं, हं, आता कुठे लागला. हे ज्याने पाळण्यातून ऐकलं त्याला सांगावं लागत नाही, आणि ज्याने नाही ऐकलं त्याला सांगून काही उपयोग होत नाही.

निदान मिराला तरी आजवर असंच वाटत आलं होतं.

मिरा म्हणजे मिरोस्लावा, लोझानाची सून आणि नवरीची आई. ती या क्षणी काथवटीच्या टोकाशी गुडघ्यांवर बसली होती, काथवट दोन्ही हातांनी घट्ट धरून. कणीक तिंबताना काथवट सरकू नये म्हणून कुणीतरी ती धरावी लागते. या घरात ते काम सव्वीस वर्षं मिराचं होतं, आणि ते काही मान म्हणून दिलेलं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. मिरा लग्न होऊन समुद्रकाठच्या वार्नाहून या विटोशा डोंगरामागच्या गावात आली आणि तीनच महिन्यांनी नणंदेचं, म्हणजे सावकाचं लग्न निघालं. याच मांडवाखाली हीच काथवट. लोझाना आणि तिची जाऊ ग्युर्गा, दोघी तिंबता तिंबता गायला लागल्या. मिराकडे संगीताची पदवी होती. तिला वाटलं, बिचाऱ्या म्हाताऱ्या, घाईगर्दीत सूर हरवला यांचा. मदत करावी म्हणून तिने दोघींच्या मधला गोड सूर मोठ्याने धरला, वर हाताने तालही द्यायला लागली! गाणं मोडलं. ग्युर्गा इतकी हसली की पिठातच बसली. लोझाना हसली नाही. त्या दिवशी पाव फुगला नाही, भाकरीसारखा चपटा निघाला, आणि लोझानाने कानाला खडा लावला, "ही काथवट धरील. तोंड मिटून."

तेव्हापासून गावात म्हणच पडली. कुणाचा चांगला चालता ट्रॅक्टर दुसरा कुणी उघडून बसला की लोक म्हणत, थांब जरा, लोझानाच्या सुनेला बोलाव, दुरुस्त करील.

"माझा तेव्हा पाव बसला आणि चार वर्षांत नवरा उठून गेला," सावका आता पिठाचे हात झटकत म्हणाली. "वहिनी, तुझ्यावर माझा राग नाही हं. पाव वाईट होता, पण नवरा त्याहून वाईट होता."

चाळणीवाल्या पोरी फिदीफिदी हसल्या. लोझानाने डोळे वटारले.

"अकरा वर्षं त्या कचेरीतल्या गायनमंडळात जातेस, तिथे बिघडवला तुझा कान. साखर घालून घालून."

"विहीणबाई, रागावू नका," मागून एक मऊ आवाज आला, "पण पोरीचा कान बिघडलेला नाही. सुधारलेला आहे."

मिराने मान वळवली. तिची आई क्लेमेंटिना गादी घातलेल्या खुर्चीत बसली होती, मांडीवर हॅट, हातात कॉफीचा पेला. वार्नामध्ये चाळीस वर्षं पियानो शिकवलेली बाई. काल संध्याकाळी गाडीतून उतरली तेव्हा मायलेकी अंगणात सराव करत होत्या. फाटकातच उभी राहून तिने मिराला विचारलं होतं, "अगं, त्या बायकांना कुठे दुखतंय का? कुणाला तरी बोलवा ना."

"तिला जिथे जावंसं वाटतं तिथेच खरा सूर आहे," क्लेमेंटिना म्हणाली. "लग्नघर आहे हे. कानाला टोचेल असं कशाला गायचं?"

"टोचतं म्हणून तर माणसं जागी राहतात, विहीणबाई."

"आमच्याकडे माणसं कॉफी पिऊन जागी राहतात."

"बरं, ऐका तर," सावकाला एकदम जोर आला. "आमच्या मंडळात हेच गाणं बसवलंय, पण गोड करून. शब्द तेच, चाल तीच. क्लेमेंटिनाबाई एक भाग घेतील, मी एक, आई वरून गाईल. पाहुण्यांनाही बरं वाटेल."

"मला नको," नवरी म्हणाली.

रालित्सा चुलीजवळ मिरच्या भाजत उभी होती. पंचवीस वर्षांची पोर, परवा बोहल्यावर चढायची, आणि नाकाला काजळी. "पाव माझा आहे ना? मग गोड नको. आजी जसं गाते तसंच पाहिजे."

"तसं गायला ओढणारी लागते, सोन्या," लोझाना म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम उतरला. "माझी ओढणारी गेली."

ग्युर्गा फेब्रुवारीत गेली होती, झोपेतच, कुणाला त्रास न देता. एकोणपन्नास वर्षं दोघी एकत्र गायल्या होत्या. त्या दिवसापासून लोझानाने एक ओळही गायली नव्हती. या पावासाठी म्हणून लेकीला बोलावून दोन दिवस ती घसा फोडत होती.

रालित्साने हात पुसले, फोन काढला. "आजी, माझ्याकडे तुमचं दोघींचं आहे. मागच्या शरदातलं. नाहीच जमलं तर..."

फोनमधून आधी कोंबड्यांचा कलकलाट आला, मग कुणाचं तरी खोकणं आणि मग त्या दोघी. एवढ्याशा डबीत कोंडल्यासारखा आवाज. तरी ग्युर्गाचा सूर ओळखू येत होता, जाड, जमिनीला चिकटलेला, हट्टी. लोझाना मान वाकडी करून दोन ओळी ऐकत राहिली.

"बंद कर," ती म्हणाली. "मेलीय ती. तिला आता कामाला लावू नका."

तिने कमरेचा ॲप्रन सोडला, खुर्चीच्या पाठीवर टाकला. "पाणी घाला आणि गप्प तिंबा. सोफियात लोक गप्पच तिंबतात, काही मरत नाहीत. या घरातलं हे गाणं संपलं."

आणि ती आत निघून गेली. दार आपटलं नाही. दार आपटलं असतं तर मिराला बरं वाटलं असतं.

"आई, मीठ कुठेय?" रालित्साने मोठ्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मिराचा दंड धरून तिला उठवलंच.

कोठीत शिरल्या शिरल्या तिने दार लावून घेतलं. मीठ डोळ्यांसमोर फळीवर होतं.

"तू ओढ," ती म्हणाली.

"काय?"

"ओढणारी तू हो. तुला येतं."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मला काय येतंय? मी सव्वीस वर्षं..."

"फेब्रुवारीत," रालित्सा म्हणाली, "ग्युर्गाआजीला पोचवून आलो त्या आठवड्यात, मी न सांगता घरी आले होते. तू पियानोवर होतीस. दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबायचीस आणि आवाज विरेपर्यंत धरून ठेवायचीस. मग पुन्हा. मला वाटलं, पियानो बिघडलाय, तू तपासतेयस. मग तुझा चेहरा दिसला. मी तशीच मागे फिरले, तासाभराने फाटक वाजवून आले."

मिराचे कान तापले. चोरी पकडल्यासारखं झालं तिला. लोणच्याच्या बरण्यांकडे बघत ती म्हणाली, "बोटांना व्यायाम म्हणून..."

"आई."

आता पोरीला काय सांगणार? ती पियानोमागची भिंत, तिच्या पलीकडे तुझ्या आजीची खोली. हिवाळ्याच्या संध्याकाळी ग्युर्गा लोकरीचा गुंडा घेऊन यायची, दोघी शेगडीपाशी बसायच्या आणि विणता विणता गायच्या. पहिल्या वर्षी मी कानात कापूस घालायचे. दुसऱ्या वर्षी तुझ्या बापाला म्हटलं, एक तर ही भिंत राहील नाहीतर मी. पर्वानने बिचाऱ्याने भिंतीला अंड्यांची कागदी खोकी चिकटवली, वरून घोंगडी मारली. सूर त्यातूनही यायचा. बदल्यात मीही काही कमी छळलं नाही. दुपारी गावातली पोरं शिकायला यायची आणि माझ्या आईने पोरांसाठी रचलेला तो तीन ठेक्यांचा छोटा वॉल्ट्झ सगळी जण बडवायची. मधेच डावा हात उजव्यावरून न्यावा लागतो, तिथे प्रत्येक पोर अडखळायचं, थांबायचं, पट्टी शोधायचं आणि मग पुढे जायचं. सव्वीस वर्षांत एकही पोर तिथून न थांबता गेलं नाही.

आणि मग कधीतरी, तू दुसरीत असताना, दोघी जावांचं एका कोंबडीवरून भांडण झालं आणि चार महिने ग्युर्गाने उंबरा ओलांडला नाही. घर शांत. मला तर पेढे वाटायला हवे होते. पण मला शिकायला येणाऱ्या पोरांच्या वह्या तपासता येईनात, झोप येईना, जीव कशात लागेना. शेवटी मीच जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी घेऊन ग्युर्गाकडे गेले आणि तुझ्या आजीने पाठवलीय म्हणून थाप मारली. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे पुन्हा सूर घासला आणि मी इकडे दिवा न लावता बसून राहिले. गावाला अजून वाटतं, कोंबडी परत दिली म्हणून समेट झाला.

यातलं मिरा काहीच बोलली नाही. एवढंच म्हणाली, "बाहेर माझी आई बसलीय, राली. तिने मला हा कान दिला. मी आयुष्यभर त्या गाण्याला संगीत म्हटलं नाही. आता तिच्यासमोर, सगळ्या गावासमोर तोंड उघडू? आणि चुकलं तर? आणखी एक म्हण पडायची?"

"मी पियानोमागच्या भिंतीपाशी पाळण्यात होते," रालित्सा म्हणाली. "इकडून तुझा पियानो, तिकडून आजी. मला दोन्ही ऐकल्याशिवाय लग्न झाल्यासारखंच वाटणार नाही. आता मी सांगते तुला, मी रडेन, आणि माझे डोळे परवापर्यंत सुजलेले राहतील."

दार ढकलून पर्वान आत आला, राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची बाटली शोधत. बायकोकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि शहाण्या माणसासारखं पाऊल मागे घेतलं.

"बाबा, थांब. तुला आजीचं गाणं आवडतं?"

पर्वानने विचार केला. प्रश्नच त्याला कळला नसावा. "आवडतं म्हणजे काय? ते असतं."

"आणि नसलं तर?"

"नसलं तर काय," तो म्हणाला, बाटली काखेत मारली, आणि दारातून वळून पुटपुटला, "फेब्रुवारीपासून मला घरात चप्पल सापडत नाही."

दोघी मायलेकींना हसू फुटलं. हसता हसता मिराने डोळे पुसले आणि मिठाची बरणी उचलली. पण होकार दिला नाही.

त्या अंगणात परतल्या तेव्हा लोझाना बाहेर आलेली होती. ॲप्रन पुन्हा बांधलेला, ओठ घट्ट मिटलेले. आम्हा या डोंगराकडच्या शोप बायकांचं असंच. गाणं संपलं म्हणून पाव दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. मिरा आपल्या जागी गुडघ्यांवर बसली, काथवट धरली. सावकाने बाह्या वर सारल्या. क्लेमेंटिनाने खुर्ची जरा पुढे घेतली, आता शांतता मिळणार म्हणून तिचा चेहरा खुलला होता.

लोझानाने सुरई उचलली आणि पिठातल्या खळग्यात पाणी ओतलं.

पन्नास वर्षांची सवय. पाणी पिठात पडल्याचा तो आवाज झाला आणि म्हातारीच्या तोंडून सूर निघून गेला. तिने काही ठरवलं नव्हतं. स्वतःचीच धास्ती वाटून तिने चटकन तोंडावर हात नेला, पण हात पिठाने माखलेला. पाणी पडलं होतं, सूर लागला होता, आता तोडता येत नव्हता. एकटा, उघडा सूर वर गेला, वाकला, फिरला आणि दुसऱ्या ओळीशी खाली उतरू लागला. मिराला ती जागा पाठ होती. तिथे खाली ग्युर्गा असायची. आता तिथे कुणीच नव्हतं. सूर तिथे आला आणि अंधारात पायरी शोधावी तसा चाचपडला.

मिराने ओढला.

तिने पण काही ठरवलं नव्हतं. छातीतून निघाला, जाड आणि सरळ. लोझानाचा सूर येऊन त्याला खेटला, घासला, आणि मिरा जागची हलली नाही. दातांपासून गुडघ्यांपर्यंत सगळ्या अंगातून घंटा वाजली. हातातली काथवटही थरथरते आहे असं तिला वाटलं. भिंतीच्या या बाजूने सव्वीस वर्षं ऐकलं होतं, पण आतून कसं लागतं ते तिला माहीतच नव्हतं. देवा, किती गोड होतं ते!

लोझानाचे डोळे बशीएवढे झाले. तिला काहीतरी बोलायचं होतं, नक्कीच बोलायचं होतं, पण बोलणार कशी? गाणं तोडायचं नाही. तिने मान मिराकडे वळवली, भुवया कपाळावर नेल्या आणि पुढची ओळ फेकली. मिराने ओढली. सावका कोपरापर्यंत कणकेत बुडालेली, एकाच वेळी रडत आणि हसत होती, आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता. रालित्सा मिरच्या विसरली. चुलीवर त्यांचा कोळसा झाला तरी कुणी हललं नाही.

"मिरा!" क्लेमेंटिना उठून उभी राहिली. "मिरा, काय होतंय तुला?"

कोण उत्तर देणार?

"अहो, कुणीतरी सांगा तिला! पर्वान! ती चुकतेय!"

पर्वान राकियाची बाटली पोटाशी धरून कुंपणाला टेकला होता. "नाही चुकत, आई," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात ठामपणा होता. "अगदी तिथेच आहे ती."

कुंपणापलीकडे बायका जमल्या. चांगली वीस मिनिटं तिंबावी लागते ही कणीक, आणि वीस मिनिटं सासू-सुना एकमेकींच्या तोंडाकडे बघत, एक शब्द न बोलता, एकमेकींच्या सुराला सूर घासत होत्या. मधे एकदा मिराचा श्वास कमी पडला, तर लोझानाने आपलं वळण लांबवलं आणि तिला उसंत दिली. शेवटी कणीक काथवटीपासून सुटली, सावकाने गोळा उचलून दाखवला, आणि लोझानाने गाण्याच्या शेवटी देतात ती उंच आरोळी ठोकली. शेजारचं कुत्रं दचकून भुंकायला लागलं.

मिराने काथवट सोडली.

"कुणी शिकवलं?" लोझानाने विचारलं.

"भिंतीने," मिरा म्हणाली. घसा बसला होता. "अहो आई, फार चुकलं का?"

"ग्युर्गा अर्धा श्वास उशिरा यायची. तू अर्धा श्वास लवकर येतेस."

"सुधारते मी. उद्यापासून रोज..."

"काही सुधारू नकोस!" लोझाना किंचाळली. "एकदा केलंस तेवढं पुरे आहे!"

कुंपणाशी हशा पिकला. लोझाना मात्र वाकली, कणकेचा हात मिराच्या गालाला लावला आणि तिथेच ठेवला. "मेली," ती म्हणाली, "एवढी वर्षं कुठे होतीस?"

"इथेच. काथवट धरून."

आता लोझानालाच हसू आवरेना. हसत हसत ती मिराच्या शेजारी खाली बसली, तिच्या खांद्याला टेकली, आणि तिचं हसणं कधी रडण्यात गेलं ते कुणाला कळलं नाही. सावकाही येऊन दोघींच्या गळ्यात पडली. तिघी पिठाने माखल्या.

मिराने मान वर केली तेव्हा तिची आई अजून उभीच होती, हॅट छातीशी धरून.

"चार वर्षांची होतीस तेव्हापासून तुझा कान घडवला मी," क्लेमेंटिना म्हणाली. रागापेक्षा तिच्या आवाजात भांबावलेपणा जास्त होता. "रोज दोन तास. कुठे गेला तो?"

"कुठे नाही गेला गं आई. आहे ना. तू दिलेला आहेच, आणि हाही आहे. मला कुठे ठाऊक होतं, हा कधी आला ते?"

"माझी तर अजून दाढ ठणकतेय."

"ठणकणारच. तू कालच आलीस."

क्लेमेंटिना खुर्चीत बसली. पटलं नव्हतं तिला, आणि पटेल असं मिरालाही वाटत नव्हतं. पण तिने कॉफीचा पेला बाजूला ठेवून रुमाल काढला, लेकीच्या गालावरचं पीठ पुसायला, आणि मिराने गाल पुढे केला.

एव्हाना लोझाना उठली होती. कणकेचा गोळा तिने लाकडी परातीत ठेवला, वर शुभ्र फडकं पसरलं, फडक्याच्या कडा खोचायला लागली. काम करताना ती गुणगुणायला लागली. दूध काढताना, कपडे वाळत घालताना ती नेहमी असंच काहीतरी गुणगुणायची. मिराने त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

क्लेमेंटिनाचा हात मिराच्या गालावरच थांबला.

"हे काय गातायत त्या?" ती कुजबुजली.

मिराने ऐकलं. हलकी, गोल, गोड चाल. एक दोन तीन, एक दोन तीन. तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

"हा माझा वॉल्ट्झ आहे," क्लेमेंटिना म्हणाली. "मिरा, हा माझा आहे!"

लोझाना आपल्याच नादात चालली होती. वॉल्ट्झच्या मध्यावर आली आणि थांबली. श्वास घेतला, काहीतरी चाचपल्यासारखं केलं, आणि मग पुढे गेली.

"विहीणबाई," क्लेमेंटिना उठून तिच्याजवळ गेली. तिचे डोळे भरून आले होते, पण बाई शेवटी मास्तरीण. "तिथे थांबायचं नसतं. तिथून सरळ जायचं. बघा, असं." आणि तिने गाऊन दाखवलं.

लोझानाने शांतपणे ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण विहीणबाई, पन्नासएक पोरं त्या भिंतीपलीकडे बसून गेली, आणि सगळी तिथे थांबली. सव्वीस वर्षं मीही तिथे थांबतेय. मला तिथे थांबल्याशिवाय ते गोडच लागत नाही."

आणि तिने पुन्हा सुरुवातीपासून धरलं. मिरा तिच्यासोबत गुणगुणू लागली, रालित्साही. क्लेमेंटिनाने कपाळावर हात मारून घेतला, पण मग तिनेही सूर दिला, आणि ती जागा आली तशा चौघी थांबल्या.

परातीवरचं फडकं तोवर मधोमध हलकेच वर यायला लागलं होतं.